घरच्या टाकीत कोरल: आधी पाणी, मग प्रकाश, मग खाऊ

कोरल पाळायची इच्छा झालेला माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो, "याला खायला काय घालायचं?" प्रश्न रास्त आहे. कोरल, म्हणजे प्रवाळ, हा प्राणी आहे, त्याला तोंड आहे, पोट आहे. पण घरच्या टाकीत कोरल उपासमारीने क्वचितच मरतं. ते मरतं पाण्याचा खारटपणा वरखाली झाल्याने, मे महिन्यात टाकी तापल्याने, नाहीतर मालकाने मायेपोटी रोज खाऊ टाकून पाणी नासवल्याने. खाऊ घालण्याची रीत पुढे सविस्तर सांगितली आहे, पण त्याआधीचं सगळं वाचल्याशिवाय तिकडे उडी मारू नका. टाकीत पाणी भरल्यापासून पहिलं कोरल घालेपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि ते जायलाच हवेत.

कोरल जगतं कशावर

आपण पाळतो त्या बहुतेक कोरलांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. दिवसा प्रकाश मिळाला की ती शैवालं साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. उथळ, स्वच्छ समुद्रातल्या कोरलांची ऊर्जेची बरीचशी गरज यातूनच भागते. कोरलचा तपकिरी, सोनेरी रंगसुद्धा या शैवालांमुळे येतो. पाणी बराच काळ जास्त गरम राहिलं किंवा प्रकाशाचा एकदम मारा झाला की कोरल ही शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. बातम्यांत आपण जे ब्लीचिंग ऐकतो ते हेच, आणि दिवाणखान्यातल्या टाकीतही ते अगदी तसंच घडतं.

साखरेतून ऊर्जा मिळते, पण अंग वाढायला नत्र आणि स्फुरद लागतं. त्यासाठी कोरल स्पर्शिका पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं, विरघळलेलं नत्र शोषून घेतं, माशांच्या विष्ठेचे कणही खातं. म्हणजे टाकीत दोन मासे असतील आणि त्यांना तुम्ही रोज खाऊ घालत असाल, तर कोरललाही आपोआप थोडं थोडं मिळतच असतं. वेगळा खाऊ घालणं ही त्यावरची भर आहे.

विकत घेण्याआधी कायदा

भारतात राहणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली प्रवाळांचा समावेश झाला: दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. वाघाला मिळतं ते संरक्षण त्यांना आहे. मालवणला पाण्यात उतरल्यावर हाताला लागलेला तुकडा, मग तो मेलेला का असेना, उचलून घरी आणणं गुन्हा आहे. 2020 मध्ये मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं हलवायची वेळ आली, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली होती.

याशिवाय दगडी कोरलं साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं अपेक्षित आहे. तेव्हा दुकानदार 'चालतं हो, सगळेच ठेवतात' म्हणाला तरी मान डोलावू नका. भारतात सुरुवात करणाऱ्याला माझा सरळ सल्ला: मऊ, म्हणजे दगडी सांगाडा न बांधणाऱ्या, कोरलांवर राहा. मश्रूम, झोअँथिड आणि लेदर ही तीन कुळं अनुसूचीतल्या यादीत नाहीत, साइट्सच्याही नाहीत, सोशिक आहेत, आणि नुसत्या त्यांच्यावर भरलेली टाकी देखणी दिसते. तरीही पक्कं बिल घ्या आणि माल कुठून आला ते विचारा.

दुबई, सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीला असाल तर तिथल्या नियमांत राहून शेतीत वाढवलेल्या दगडी कोरलांचे तुकडे रीतसर मिळतात. तुमच्यासाठी मधूनमधून त्यांच्याबद्दलही लिहिलं आहे.

टाकी आणि जागा

90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 50 उंच अशी साधारण 200 लिटरची टाकी नवख्याला बरी. छोटी टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात तापमान आणि खारटपणा भराभर बदलतो, म्हणून ती सांभाळायला अवघड. दगड, वाळू, काच, स्टँड धरून वजन 300 किलोच्या आसपास जातं. टाकी भिंतीला लागून, शक्यतो खाली तुळई असेल तिथे ठेवा. खिडकीतलं थेट ऊन नको, स्वयंपाकघर नको. सॉकेट टाकीच्या मागे खाली असेल तर प्रत्येक वायरीला सॉकेटच्या पातळीखाली एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. घराच्या वीजजोडणीत ईएलसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारं पाणी आणि वीज यांच्याशी खेळ नाही.

पाणी: इथे कंजुषी करू नका

समुद्रावरून कॅन भरून आणायचा मोह अनेकांना होतो. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्याने दूषित असतं, आणि पावसाळ्यात तर नद्या-नाल्यांच्या लोंढ्याने त्याचा खारटपणाही उतरतो. घरीच मीठ मिसळून पाणी करा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअर आणि टँकरच्या पाण्यात क्षार भरपूर. दोन्ही चालत नाहीत. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) लावलेलं पाणी लागतं, ज्यात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, शून्य दाखवतो. प्यायच्या पाण्याचा घरचा आरओ आहेच, मग तो का नको? कारण त्यात बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, शिवाय वर खनिजांचा कार्ट्रिज. ते पाणी माणसाला चांगलं, शैवालाला त्याहून चांगलं, कोरलला वाईट. मेकॅनिककडून मेंब्रेननंतर लगेच एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यापुढे डीआय रेझिनची बाटली जोडा. मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदलायचं.

मीठ म्हणजे रीफ टाकीसाठी, म्हणजे कोरलांच्या टाकीसाठी, बनवलेलं मीठ. खाण्याचं नव्हे, जाडं मीठही नव्हे. 20 लिटर पाण्याला साधारण 700 ते 750 ग्रॅम लागतं. आधी बादलीत पाणी, त्यात छोटा पंप सुरू, मग मीठ थोडं थोडं. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखं तळाला बसतं आणि परत विरघळत नाही. बादली प्लास्टिकची घ्या. तांब्या-पितळेचं भांडं, पितळी तोटी, तांब्याची कुठलीही वस्तू या पाण्याच्या वाटेत येता कामा नये. माणसाला न जाणवणारं तांबंसुद्धा कोरल, कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतं. माशांच्या रोगावरच्या कित्येक औषधांत तांबं असतं, ती या टाकीत कधीच ओतायची नाहीत.

खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा: 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026. यंत्र जुळवायला 35 पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, तेच वापरा. साध्या पाण्यावर शून्याला जुळवलेलं यंत्र वर 35 ला चुकू शकतं.

आता रोजची गोष्ट. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज कमी झालेलं पाणी भरायचं ते बिनमिठाचं, शून्य टीडीएसचं. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत भरा, किंवा ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, लावा. जमेल तितक्या लवकर ऑटो टॉप-ऑफच लावा. नवख्याच्या टाकीसाठी यापेक्षा उपयोगी यंत्र मला माहीत नाही.

उन्हाळा आणि लोडशेडिंग

टाकीचं पाणी 25 ते 26 अंशांवर हवं. 27 पर्यंत चालतं, 29-30 वर दिवसेंदिवस राहिलं तर कोरल पांढरं पडू लागतं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. पुणे, नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो, मात्र 200 लिटरच्या टाकीतून दिवसाला काही लिटर पाणी उडून जातं, ते भरत राहावं लागतं. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे मे-जूनमध्ये हवा आधीच दमट, त्यामुळे पाणी फारसं उडत नाही आणि पंखा नुसताच फिरत राहतो. तिथे चिलर घ्यावा लागतो, किंवा टाकी असलेल्या खोलीत एसी. विदर्भात हवा कोरडी असली तरी 44-45 अंशांत पंखा एकटा पुरत नाही. हा खर्च टाकी घेण्याआधी हिशेबात धरा. थंडीत पुणे-नाशिकला रात्री उलट हीटर लागतो, आणि तो वेगळ्या थर्मोस्टॅटवर असावा, कारण हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो.

वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा. पाणी हलायचं थांबलं की काही तासांत मासे धापा टाकू लागतात, कोरलं आक्रसतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) घ्या, जमल्यास रिटर्न पंप (खालच्या फिल्टरच्या टाकीतून पाणी वर आणणारा). दिवे आणि हीटर तेवढा वेळ बंद राहिले तरी बिघडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप शंभर टक्के घ्या.

टाकी पिकू द्या

टाकीत रचायचा सुरुवातीचा दगड कोरडा, म्हणजे जिवंत जीव नसलेला, घ्या. त्यावर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत 2) न्या, बाटलीतले जिवाणू घाला आणि वाट पाहा. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर येतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, तेव्हा टाकी एका जोडी क्लाउनफिशला तयार झाली असं समजा. शेतीत वाढवलेलेच क्लाउनफिश घ्या. यानंतर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येईल, मग केसांसारखं हिरवं शेवाळ. टाकी या वयात कुरूप दिसतेच. गोगलगायी घाला, दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदला आणि औषधांच्या बाटल्यांपासून लांब राहा.

कोरल घालण्याआधी हे आकडे जुळवून घ्या: अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटं, जी डीकेएच या एककात मोजतात) 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, मॅग्नेशियम 1250 ते 1350, पीएच 8 च्या थोडं वर, नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1. शेवटचे दोन आकडे शून्यावर नेण्याचा अट्टहास करू नका. शून्य नायट्रेट-फॉस्फेटच्या पाण्यात कोरल फिकट पडतं आणि डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर दगड व्यापतो, तो काढता काढता महिने जातात. मऊ कोरलं कॅल्शियम फारसं खर्च करत नाहीत, त्यामुळे आठवड्याचं पाणी बदलणं त्यांना पुरतं. दगडी कोरलं ठेवणाऱ्यांना अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा मोजून भरून काढावी लागेल. एका दिवसात 1 डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. ती भरायला काही जण शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरतात, पण म्हणून पानाचा चुना काही वापरू नका. रसायन तेच असलं तरी त्यात आणखी काय मिसळलंय याची खात्री नसते.

पहिलं कोरल

मी सगळ्यांना मश्रूमपासून सुरुवात करायला सांगतो. डिस्कोसोमा आणि ऱ्होडॅक्टिस हे मश्रूमचे प्रकार कमी प्रकाशात, संथ पाण्यात, जरा जास्त नायट्रेटमध्येही फुगून बसतात. नंतर झोअँथिड, मग टोडस्टूल लेदर. परदेशातल्यांनी याच्या जोडीला डंकन आणि कँडी केन ही दगडी कोरलं घ्यावीत, हॅमर आणि टॉर्च नंतर; ॲक्रोपोरा वर्षभर तरी नको. सन कोरल कितीही सुंदर दिसलं तरी सुरुवातीला घेऊ नका, त्याच्या अंगात शैवाल नसतं आणि एकेका तोंडाला दर एक-दोन दिवसांनी भरवावं लागतं.

दुकानात कोरल उघडलेलं पाहूनच घ्या. पिशवीतलं पाणी कुजकट वासाचं असेल, बुडाशी तपकिरी जेली दिसत असेल तर सोडून द्या.

झोअँथिड आणि त्यांच्याच जवळच्या पॅलिथोआबद्दल एक गंभीर गोष्ट. यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू किंवा खरवडू नका, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, भाजू नका, गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून हे विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोहोचल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत. घरात लहान मुलं, मांजर असेल तर टाकीला झाकण हवंच.

घरी आणल्यावर पिशवी 20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग भांड्यात काढून अर्धा तास टाकीचं पाणी थेंबाथेंबाने मिसळा. त्यानंतर कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे मारणाऱ्या औषधी द्रावणात, पाकिटावर दिलेल्या वेळेइतकं बुडवा आणि ड्रॉपरने हलके फवारे मारा. चपटे किडे, झोअँथिड खाणाऱ्या गोगलगायी खाली गळून पडतात. त्यांची अंडी मात्र डिपने मरत नाहीत, म्हणून बूड आणि देठ नीट बघून टूथब्रशने घासा (झोअँथिड असेल तर हातमोजे-चष्म्यासकट). शक्य असेल तर कोरल ज्यावर चिकटवलेलं येतं तो प्लग (छोटी चकती) फेकून नवा लावा. दुकानाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

लेदर किंवा झोअँथिडचा तुकडा सुपरग्लूच्या जेलने दगडाला चिकटतो. मश्रूम मात्र बुळबुळीत असल्याने गोंदाला दाद देत नाही. एका छोट्या डबीत दगडाचे बारीक खडे घ्या, त्यावर मश्रूम ठेवा, तोंडाला जाळी बांधा आणि डबी संथ पाण्यात ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत ते एखाद्या खड्याला स्वतःच पकडतं, मग तो खडा हवा तिथे चिकटवा.

प्रकाश आणि प्रवाह

दिवा किती वॅटचा आहे यापेक्षा कोरलपर्यंत किती प्रकाश पोचतो ते महत्त्वाचं. तो पार मीटरने, म्हणजे शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणाऱ्या मीटरने, मोजतात. मऊ कोरलांना 50 ते 100 पुरतो, डंकन-हॅमरसारख्यांना 80 ते 150, ॲक्रोपोराला 200 च्या वर. मीटर महाग असतो. दुकानातून किंवा एखाद्या हौशी मित्राकडून एका दिवसासाठी मागून आणा, वाळूपासून वरच्या दगडापर्यंत आकडे लिहून घ्या, मग वर्षभर बघावं लागत नाही. निळा प्रकाश जास्त, पांढरा कमी, दिवसाला आठ ते दहा तास, टायमरवर.

नवीन कोरल नेहमी खाली, वाळूजवळ ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी वाटलं तर वर सरकवा. प्रकाश कमी पडतोय तेव्हा झोअँथिड उंच देठ काढतं, मश्रूम पसरट होतं. जास्त होतोय तेव्हा मश्रूम आक्रसतं आणि रंग उडतो. रोज जागा बदलत राहिलात तर यातलं काहीच कळणार नाही.

वेव्हमेकरचा झोत थेट कोरलवर नको. लेदरच्या स्पर्शिका सगळ्या बाजूंना डुलत असतील तर प्रवाह बरोबर, एकाच बाजूला आडव्या पडल्या असतील तर जास्त. लेदर कोरलं पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतात, म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाकीत कायम ठेवा आणि महिन्याला बदला. हॅमर-टॉर्च ठेवणाऱ्यांनी चहूबाजूंना वीतभर मोकळी जागा सोडावी. रात्री त्यांच्या लांब दंशस्पर्शिका बाहेर पडतात.

आता खाऊ

कोणाला काय लागतं ते आधी बघू. लेदरला वेगळं भरवायची गरज जवळजवळ नसते, त्याला प्रकाश, विरघळलेली द्रव्यं आणि अगदी बारीक कण पुरतात. झोअँथिड बारीक कण आणि नवजात आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले कोळंबीसारखे जीव) घेतात. पॅलिथोआ त्याहून खादाड. ऱ्होडॅक्टिस मश्रूम मायसिसचा (कोळंबीसारखा दिसणारा छोटा जीव) अख्खा तुकडा गिळतं. डंकन, कँडी केन, हॅमर यांना मायसिस आवडतो.

मायसिस आणि आर्टेमियाचे गोठवलेले क्यूब मोठ्या मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना ताजा जवळाही चालतो: बर्फातला, मीठ न लावलेला घ्या, आरओ पाण्याने धुवा, पातळ थर करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि वापरताना बारीक कापा. कोळंबीचा तांदळाएवढा तुकडाही चालेल. सुकट किंवा सुका जवळा मात्र नको, त्यात मीठही असतं आणि पावडरही फार सुटते.

झोअँथिडसाठी जिवंत आर्टेमिया घरी काढता येतो आणि मुलांना हे काम फार आवडतं. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगा, एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम रीफ मीठ, अर्धा चमचा अंडी, तळापर्यंत हवेची नळी, बाजूला दिवा. 27-28 अंशांना 24 तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर येतात, नारिंगी पिल्लं खाली उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढून मलमलच्या फडक्यातून गाळा आणि लगेच वापरा, कारण त्यांच्या पोटातलं पिवळं बलक पहिल्या काही तासांतच संपतं आणि पौष्टिकपणा त्या बलकातच असतो.

भरवायची वेळ संध्याकाळची, दिवे मंद झाल्यावर. एक क्यूब वाटीभर टाकीच्या पाण्यात विरघळू द्या, चहाच्या बारीक गाळणीतून गाळा आणि ते गढूळ पाणी फेकून द्या. थोडं फॉस्फेट तिथेच जातं. गाळणीतलं अन्न पुन्हा थोड्या टाकीच्या पाण्यात घ्या. आता आधी माशांना पोटभर खाऊ घाला, नाहीतर ते कोरलच्या तोंडातून घास ओढतील. मग स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि रिटर्न पंप बंद, वेव्हमेकर बंद किंवा अगदी मंद. वाटीतल्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकीत सोडा आणि पाच-दहा मिनिटं काहीही करू नका. वास पोचला की डंकनच्या स्पर्शिका लांबतात, ऱ्होडॅक्टिसच्या कडा उचलतात.

त्यानंतर लांब पिपेटने, किंवा सिरिंजला हवेची कडक नळी जोडून, कोरलच्या वर दोन-तीन सेंटिमीटरवरून अन्न हळूच सोडा. फवारा मारू नका. जोराने पाणी लागलं की कोरल मिटतं आणि ती संध्याकाळ गेली. घास तोंडापेक्षा लहानच हवा. ऱ्होडॅक्टिस खाताना एकदा शांतपणे बसून बघा: तुकडा मधोमध पडला की काही क्षण काहीच होत नाही, मग कडा आत वळू लागतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याची तोंड आवळलेली पिशवी होते. सकाळपर्यंत ते पुन्हा चपटं होतं आणि तोंडातून तपकिरी धागा बाहेर पडलेला दिसतो, ती विष्ठा. तासाभराने अख्खा तुकडा चिकट स्रावासकट बाहेर टाकला असेल, तर घास मोठा होता.

कोळंबी आणि हर्मिट खेकडे घास पळवतात. पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली वरच्या बाजूने कापून, बूच काढून कोरलवर उपडी ठेवा आणि तोंडातून पिपेट घाला. पंधरा-वीस मिनिटांनी बाटली काढा, उरलेलं अन्न पिपेटने ओढून घ्या, पंप सुरू करा. स्किमर तासाभराने सुरू करा, नाहीतर तो ओसंडून वाहतो.

किती वेळा? मश्रूम, झोअँथिड, डंकन यांना आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बारीक पुडीचा कोरलखाऊ वापरत असाल तर 200 लिटरला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, भिजवून, आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. पाकिटावरचं प्रमाण भरगच्च टाकीसाठी असतं. तुमच्या पाच-सात तुकड्यांसाठी त्याच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करा. महिनाभर दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट मोजा. आकडे स्थिर राहिले तर थोडं वाढवा. फॉस्फेट 0.1 च्या वर चढत असेल, दगडावर लालसर पापुद्रा येत असेल, तर आधी खाऊ कमी करा. फॉस्फेट शोषणारी औषधं त्यानंतरची गोष्ट.

कोरल काय सांगतंय

टोडस्टूल लेदर अचानक मिटून, मेणचट दिसू लागलं आणि आठवडाभर तसंच राहिलं तर घाबरू नका, ते कात टाकतंय. प्रवाह किंचित वाढवा. एकच झोअँथिडचा पुंजका मिटलेला असेल तर रात्री टॉर्च घेऊन जवळून बघा, किडा किंवा एखादी गोगलगाय बसलेली सापडेल. सगळी कोरलं एकदम मिटली असतील तर कारण पाण्यात आहे: आधी खारटपणा, मग तापमान, मग अल्कलिनिटी मोजा, याच क्रमाने. हॅमर-टॉर्चवर तपकिरी जेली दिसली तर त्याच तासाला तो तुकडा बाहेर काढा, नाहीतर शेजारच्या तोंडांना लागण होते.

पारदर्शक तपकिरी, छोट्या ताडाच्या झाडासारखं काही उगवलं तर ते एप्टेशिया, नको असलेलं समुद्रफूल. बोटाने चिरडू नका, तुकड्यातुकड्यातून नवीन उगवतात. पेपरमिंट कोळंबी त्यांना खाते.

डासांचा फवारा, पेस्ट कंट्रोल आणि महापालिकेची धूरफवारणी यांतली पायरेथ्रॉइड रसायनं कोळंबी आणि खेकड्यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद, टाकीवर ओलं कापड, एअर पंप बंद आणि ताजा कार्बन. टाकीच्या खोलीत स्प्रे मारायचाच नाही, हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

गणपतीला गावी जाताना

कोकणात आठ-दहा दिवस गेलात तर कोरलांना खाऊ घालायला कोणाला सांगूच नका. मऊ कोरलांचं तेवढ्या दिवसांत काहीही बिघडत नाही. माशांसाठी ऑटो फीडर लावा आणि तो जायच्या आठवडाभर आधी सुरू करून नीट चालतो का बघा. टॉप-ऑफची टाकी काठोकाठ भरा, पंखा चालू राहणार असेल तर रोज किती पाणी लागतं ते आधीच मोजून दहाने गुणा. शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल तर त्यांच्यासाठी एकच कागद टाकीवर चिकटवा: पाणी या रेघेखाली गेलं तर या कॅनमधलं भरा, तापमान 28 च्या वर दिसलं किंवा पाणी हलायचं थांबलं तर मला फोन करा, बाकी कशालाही हात लावू नका. माशांच्या खाऊचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावा, कारण पाहुण्यांना मासे नेहमीच भुकेले वाटतात.